गाडी थांबवायची तर फलाटावर

जानेवारीतली सकाळ, सव्वासातचा सुमार. मुंबईत मध्य रेल्वेच्या मेन लाइनवरच्या लोकल कशा सोडायच्या, कुठे थांबवायच्या हे जिथून ठरतं त्या उपनगरी कंट्रोलमध्ये माझी पाळी सुरू होती. समोरच्या पडद्यावर भांडुप आणि कांजूरमार्गच्या मध्ये अप स्लो, म्हणजे सीएसएमटीकडे जाणाऱ्या स्लो मार्गाचा एक तुकडा लाल झाला. त्यात नवल काही नाही. गाडी आली की तुकडा लाल होतो, पुढे गेली की पूर्ववत होतो. हा मात्र झालाच नाही. गाडी कांजूरच्या फलाटाला लागली, तिचा नंबर पुढे सरकला आणि मागे बिननंबरची लाल रेघ तशीच राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"कंट्रोल, कांजूर बोलतेय. आत्ता लागलेल्या लोकलचे मोटरमन म्हणतात, भांडुप सोडल्यावर जबर धक्का बसला. मागची गाडी येऊ देऊ नका."

थंडीच्या दिवसांत लाल रेघ आणि धक्का एकत्र आले की रूळ तडकला असं धरूनच चालायचं. हल्लीचे रूळ सांध्याविना लांबच लांब जोडलेले असतात. पहाटेच्या गारव्यात पोलाद आकसू पाहतं, पण जागोजागी जखडलेलं असल्यामुळे त्याला आकसता येत नाही. ताण आतल्या आत साठतो आणि जिथे आधीच बारीक चीर असेल तिथे रूळ तुटतो. मुंबईची थंडी ती केवढी, पण त्यासाठी तेवढीही पुरते.

अप स्लोच्या गाड्या मुलुंडला अप फास्टवर घ्यायच्या आणि माटुंग्याला परत स्लोवर सोडायच्या, हे उत्तर आमच्याकडे तयार असतं. रविवारच्या मेगाब्लॉकला आम्ही तेच करतो, आणि त्याची घोषणा मुंबईकरांना पाठ आहे. पण रविवारचं वेळापत्रक त्या हिशेबाने आधीच सैल केलेलं असतं. कामाच्या दिवशी सकाळी अप फास्टवर तीन-चार मिनिटांना एक गाडी धावत असते. तिथे स्लो गाडी घुसवायची म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी मागे ठेवणं आलं.

त्यात आपल्या चार मार्गांची मांडणी अशी आहे: डाउन (कल्याणकडे जाणारा) स्लो, अप स्लो, डाउन फास्ट, अप फास्ट. म्हणजे अप स्लोवरची गाडी अप फास्टवर न्यायची तर मधला डाउन फास्ट आडवा ओलांडावा लागतो. बारा डब्यांची लोकल पॉइंटवरून, म्हणजे रूळ बदलायच्या सांध्यावरून, हळूहळू पलीकडे जाईपर्यंत कल्याणकडे निघालेली फास्ट आणि तिच्या मागची मेल-एक्स्प्रेस उभीच. माटुंग्याला परतताना पुन्हा तेच. बंद पडतो एक मार्ग, फटका बसतो तिघांना. प्रवाशाला हे दिसत नाही. तो डोंबिवलीला जाणाऱ्या फास्टमध्ये घाटकोपरला अडकलेला असतो आणि बिघाड अपला आहे असं ऐकून चक्रावतो.

मुलुंडला पॉइंट लावायला सांगितले, ठाण्याच्या मागच्या स्टेशनांना कळवलं, कल्याणहून येणाऱ्या मेल गाड्या ठाण्यापासून पाचव्या-सहाव्या मार्गावर घेतल्या, म्हणजे अप फास्टवर तेवढी जागा झाली. हे सगळं भराभर होतं, हाताला सवय असते. खरा घोर होता मुलुंड ओलांडून पुढे आलेल्या गाड्यांचा. एक नाहूरच्या फलाटावर, एक भांडुपच्या, आणि एक भांडुप सोडून तुटलेल्या रुळाच्या अलीकडे, दोन स्टेशनांच्या मध्ये. त्या तिघींना आता वळवायला वाट नव्हती.

कंट्रोलमध्ये आल्यावर मला वडीलधाऱ्यांनी पहिली शिकवण दिली ती हीच: गाडी थांबवायची तर फलाटावर थांबवायची. पुढचा सिग्नल हिरवा असला तरी, गाडी आणखी एक किलोमीटर पुढे जाऊ शकत असली तरी, पुढे फलाट मोकळा नसेल तर तिला सोडायचं नाही. फलाटावरच्या गाडीतला माणूस वैतागतो, उतरतो, रिक्षा पकडतो. दोन स्टेशनांच्या मधल्या गाडीतला माणूस दहा मिनिटं वाट पाहतो आणि मग खडीवर उडी मारतो. सकाळच्या गर्दीत दाराशी उभ्या असलेल्यांचा श्वास कोंडलेला असतो, ऑफिसच्या मस्टरची वेळ टळत असते. त्यांना बोल लावून काय होणार?

आणि उडी मारून तो उतरतो कुठे? एका बाजूला डाउन स्लो, दुसऱ्या बाजूला डाउन फास्ट. दोन्हींवर गाड्या चालू.

मोटरमनकडून निरोप आला, लोक उतरायला लागलेत, कांजूरच्या दिशेने चाललेत, बायकाही आहेत. मी चीफ कंट्रोलर साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "डाउन फास्ट धर." मी डाउन फास्टच्या गाड्या घाटकोपर आणि कुर्ल्याच्या फलाटांवर धरल्या. डाउन स्लोच्या मोटरमनना शिटी वाजवत, अगदी हळू जायला सांगितलं. अडकलेल्या गाडीच्या गार्डना गाडीतल्या ध्वनिक्षेपकावरून सांगायला लावलं की डाव्या-उजव्या दोन्ही मार्गांवर गाड्या आहेत, कृपा करून खाली उतरू नका. मग एक गोष्ट ध्यानात आली. डाउन फास्ट माणसांसाठी थांबवलाच आहे, तर मुलुंडला तो ओलांडायला हीच वेळ आहे. एकेक करून सोडण्यापेक्षा अप स्लोच्या तीन गाड्या एकामागून एक पलीकडे काढल्या. लोक रुळांवरून चालत कांजूरला पोहोचले, तेव्हा ठाण्यापर्यंत लागलेली रांग हलू लागली होती. त्या सकाळी कुणाला खरचटलंही नाही, आणि माझ्या लेखी बाकी सगळ्या हिशेबापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

वळवलेल्या गाडीला नाहूर, कांजूरमार्ग आणि विद्याविहारला थांबता येत नाही, कारण तिथे फास्ट मार्गाला फलाटच नाहीत. भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला, शीवला ती थांबते. फास्ट फलाट नसलेली ती तीन स्टेशनं तेवढ्या वेळापुरती नकाशावरून पुसली जातात. कांजूरच्या मॅडमचा पुन्हा फोन आला. "कंट्रोल, पुलावर आता पाय ठेवायला जागा नाही. काय सांगू लोकांना?"

अशा वेळी 'थोड्याच वेळात' असं सांगायची पद्धत आहे. मला ती मुळीच पटत नाही. थोड्या वेळाच्या आशेने माणूस फलाट सोडत नाही, आणि मागून येणारा त्याला पुढे रेटत राहतो. मी म्हणालो, "मॅडम, खरं ते सांगा. सीएसएमटीकडे जाणारी एकही गाडी पाऊण तास इथे थांबणार नाही. डाउन स्लोने भांडुपला जा, तिथून अपची गाडी मिळेल. आहे त्याच पासावर आणि तिकिटावर उलटा प्रवास चालेल." भांडुपच्या फास्ट फलाटावर एरवी न थांबणाऱ्या काही फास्ट लोकलनाही थांबा दिला, कारण तिथल्या स्लो फलाटावर अडकलेल्या गाडीतली माणसं पूल ओलांडून तिकडेच येणार होती. पुढे कुर्ल्यापासून अप स्लो रिकामाच पडला होता, म्हणून कुर्ला कारशेडमधून एक रिकामा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी लोकल, मागवून कुर्ला-सीएसएमटी सोडला. करी रोड, चिंचपोकळीच्या लोकांची तेवढी तरी सोय झाली.

तिकडे ट्रॅकमनची गँग पोहोचली होती. रुळाला पडलेली फट बोटाएवढी होती, असं रुळांची देखभाल पाहणाऱ्या पीडब्ल्यूआय साहेबांनी फोनवर सांगितलं. बाहेरून पट्ट्या लावून, क्लॅम्प आवळून त्यांनी तो सांधला. बोलायला वाक्यभराचं काम, पण शेजारच्या मार्गावरून गाड्या जात असताना वाकून ते करणाऱ्यांचा जीव किती टांगणीला असतो, हे कंट्रोलच्या बोर्डावर बसलेल्या माणसाने विसरू नये. पहिली गाडी त्यावरून चालत्या माणसाच्या वेगाने नेली. दोन्ही बाजूंना उभे असलेले ट्रॅकमन प्रत्येक चाकाखाली रूळ कसा बसतो ते पाहत होते. मग भांडुपची गाडी आली, मग नाहूरची.

सव्वाआठच्या पुढे मार्ग सुरू झाला, पण कंट्रोलचं काम तिथे संपत नाही. टिटवाळ्याला असायला हवा होता तो रेक दादरला, कर्जतची गाडी न्यायची होती ते मोटरमन मुलुंडला. मधल्या काही फेऱ्या रद्द करून, काही ठाण्यालाच परत फिरवून प्रत्येक रेक आपल्या जागी आणेपर्यंत दुपार झाली. बदलीचा कंट्रोलर आला तेव्हा अजून दोन रेक चुकीच्या टोकाला होते. ते कोणते, त्यांच्यावर कोणते मोटरमन आहेत आणि त्यांची ड्युटी कधी संपते हे त्याला लिहून दिलं. भांडुप-कांजूरच्या मध्ये कॉशन ऑर्डर, म्हणजे गाड्या हळू नेण्याची सूचना, अजून लागू आहे आणि रात्री ब्लॉक घेऊन तो तुकडा कापून नवा जोडणार आहेत, हेही सांगितलं, आणि बोर्ड त्याच्या हाती दिला.