बांधावरची चिंच आणि टोरांटोतला मेपल

घरामागचा मेपल तोडण्याचा आमचा बेत गेल्या उन्हाळ्यात फसला. त्याची हकिगत मी औसा तालुक्यातल्या आमच्या गावी चुलत्यांना फोनवर सांगितली, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आरं, घर तुझं, जागा तुझी, मग झाड कुनाचं?" या प्रश्नाचे इथले उत्तर मला चार महिन्यांच्या खेट्यांनंतर समजले होते.

आम्ही टोरांटोच्या स्कारबरो भागात राहतो. शरद ऋतूत या मेपलची पाने छताच्या पन्हाळीत साचतात, आणि हिवाळ्यापूर्वी ती उपसून काढण्याचे काम दरवर्षी माझ्याच वाट्याला येते. झाड आपल्या अंगणातले आहे, तेव्हा कामगार बोलावून ते एका दिवसात आडवे करता येईल, असे मी गृहीत धरले होते. ज्याला बोलावले त्याने करवत गाडीतून बाहेरही काढली नाही. त्याने जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर खोडाला टेप गुंडाळला आणि व्यास 46 सेंटिमीटर भरतो, म्हणजे महापालिकेच्या परवान्याशिवाय आपण याला हात लावणार नाही, असे सांगून तो निघून गेला.

टोरांटोच्या नियमानुसार या उंचीवर 30 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक व्यास असलेले, म्हणजे साधारण तीन फूट घेराचे, खाजगी जागेतले कोणतेही झाड परवान्याविना तोडता येत नाही. जात कोणती, लावले कोणी, हे त्यात पाहिले जात नाही. तोडणे तर दूरच, बांधकामासाठी खोदताना त्याची मुळे दुखावणे हासुद्धा गुन्हा ठरतो. नेहमीची नीट छाटणी तेवढी चालते. अर्जासोबत वृक्षतज्ज्ञाचा अहवाल आणि शुल्क भरावे लागते, घरापुढे सूचनेचा फलक 14 दिवस लावून ठेवावा लागतो, आणि परवाना मिळालाच तर बदल्यात नवी झाडे लावण्याची अट येते. दंड दर झाडामागे 500 डॉलरपासून 1,00,000 डॉलरपर्यंत होऊ शकतो. निव्वळ पाने गळतात म्हणून निरोगी झाड तोडू देण्यास पालिका सहसा तयार होत नाही, हे मला अहवालाचे पैसे मोजून झाल्यावर कळले, याचा राग अजून गेलेला नाही. मात्र शहरातली निम्म्याहून अधिक झाडे लोकांच्या खाजगी जागेत आहेत, हे लक्षात घेतले की केवळ रस्त्याकडेची झाडे राखून पालिकेचे भागणार नाही, एवढे मलाही पटते.

खरी अडचण पुढे आली. मेपलचे खोड आमच्या आणि शेजारच्या कुंपणाच्या रेषेवर उभे होते. ओंटारियो प्रांताच्या वनकायद्यातील कलम 10 प्रमाणे ज्या झाडाचे खोड दोन जागांच्या सीमेवर वाढते, ते दोन्ही मालकांचे सामाईक असते, आणि एकाने दुसऱ्याच्या संमतीविना ते तोडले किंवा त्याला इजा केली, तर 20,000 डॉलरपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. बुंधा एकीकडे आणि वरचे खोड दुसरीकडे असेल तर काय, हा वादही 2013 मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयापर्यंत गेला. मुळांपासून जिथे फांद्या फुटतात तिथपर्यंतचे सगळे खोड मोजायचे आणि त्याचा कोणताही भाग सीमा ओलांडत असेल तर झाड दोघांचे, असा अर्थ तिथे कायम झाला. आमच्या शेजारी श्रीलंकेतल्या जाफन्याहून आलेल्या एक तमिळ आजी राहतात. दुपारची त्यांच्या स्वयंपाकघरावर येणारी सावली या मेपलचीच आहे. त्यांनी सही दिली नाही, चहा मात्र दिला.

चुलत्यांना हे सगळे ऐकून हसू आले आणि मग ते गप्प झाले, कारण आमच्या बांधावरही एक जुनी चिंच आहे. तिच्या सावलीत चार तासं, म्हणजे चार ओळी, सोयाबीन येत नाही म्हणून ती तोडावी, असे चुलत्यांचे म्हणणे, तर चिंचेचे पैसे आपणही घेतो म्हणून ती राहू द्यावी, असे पलीकडच्या भावकीचे. आपल्याकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 25 नुसार शेतातल्या झाडांवरचा हक्क धारण करणाऱ्याचा असला, तरी 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या अधिनियमाच्या सूचीत चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग ही झाडे आहेत आणि ती स्वतःच्या शेतातली असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. लातूरसारख्या शहराच्या हद्दीत 1975 चा वेगळा कायदा चालतो. 2021 च्या दुरुस्तीने त्यात 50 वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्तीचे संरक्षण मिळाले. कायदे आपल्याकडे कमी नाहीत. पण बांधावर दोन सह्यांशिवाय कुऱ्हाड उचलायची नाही, ही ओंटारियोतली सोपी अट आपल्या भावकीच्या भांडणांना किती उपयोगी पडली असती, असे मला राहून राहून वाटते.

दोन दिवसांनी चुलत्यांचा फोन आला. त्यांनी गुरांचे दावे घेऊन चिंचेचा घेर मोजला होता, तो नऊ फूट भरला. "पन एक गोष्ट सांग," ते म्हणाले, "बुडखा त्यांच्याकडं हाय आन खोड आपल्याकडं झुकायलंय. तुझ्या त्या कोर्टाच्या हिशेबानं आता ही कुनाची म्हनायची?"

मी सांगितले, "काका, दोघांची."

"म्हंजी त्यांनाबी इचारावं लागंल," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.