तीन मिनिटांची घडी

धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना जुनी गाणी लावायची, हा माझा बऱ्याच वर्षांचा नेम आहे. एका गाण्यात साधारणपणे चार सदरे होतात. चादर असेल तर मात्र एकच, कारण एकट्याने चादरीची टोके जुळवेपर्यंत पहिला अंतरा निम्मा उलटून गेलेला असतो. घड्याळाकडे न पाहता काम किती उरले आहे हे मला गाण्यांवरूनच कळते, आणि हा हिशेब जुन्या गाण्यांच्या बाबतीत सहसा चुकत नाही.

तो चुकत नाही याचे श्रेय ग्रामोफोनच्या तबकडीला आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचा आवाज मावत असे. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा त्या कामासाठी मायक्रोफोनही वापरात आलेला नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहून गायचे आणि त्या आवाजाच्या जोरावर सुईने मेणावर रेघ ओढायची, अशी ती पद्धत होती. गाणे संपता संपता त्या स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत, कारण तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळण्याचा तोच सोपा मार्ग होता. मैफलीत तासभर चालणारा राग त्यांना, आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांनाही, एका बाजूवर बसवावा लागला. हे अन्यायाचे वाटते खरे. पण खाँसाहेबांची एखादी जुनी तबकडी ऐकताना मला त्यात काही राहून गेल्यासारखे कधी वाटलेले नाही, आणि काही तासाभराच्या मैफलींबद्दल मी तसे म्हणू शकणार नाही.

१९४८ मध्ये मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी लांब तबकडी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. जागा वाढली तरी गाणे मात्र फारसे वाढले नाही. ध्रुवपद, वाद्यांचा तुकडा, अंतरा, पुन्हा ध्रुवपद ही बांधणी तोवर कानांना इतकी सरावाची झाली होती की तबकडीची अडचण संपल्यावरही तिने घालून दिलेले माप कायम राहिले.

काम करता करता ऐकणे म्हणजे अर्धवट ऐकणे, असे संगीताचे जाणकार म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. समोर बसून ऐकतो तेव्हा माझे सगळे लक्ष गाणाऱ्याच्या आवाजाकडे आणि शब्दांकडे असते. हात गुंतलेले असले की तेच लक्ष सैल होते आणि एरवी न ऐकू येणाऱ्या गोष्टी आपोआप कानांवर येतात. अंतऱ्याच्या मागे एखादी बासरी हळूच उत्तर देत असते. तबलजी दुसऱ्या अंतऱ्याला ठेका किंचित बदलतो. एका आवडत्या गाण्यात शेवटच्या अंतऱ्यापूर्वी गायिकेने घेतलेला श्वास मला असाच, इस्त्री करताना, प्रथम ऐकू आला. त्या काळी गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच खोलीत एकत्र ध्वनिमुद्रण करीत, आणि शेवटच्या ओळीत कोणी चुकले तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. तो श्वास ऐकताना तिच्या मागे श्वास रोखून बसलेले वादकही मला दिसू लागतात. पुढे त्याच गाण्याची ‘स्वच्छ केलेली’ आवृत्ती मी हौसेने विकत घेतली. तिच्यातली खरखर गेली होती आणि तिच्याबरोबर तो श्वासही गेला होता. मी पुन्हा खरखरीकडे परतलो.

अशा ऐकण्याचा एक तोटा मात्र मान्य केला पाहिजे. शब्द चुकीचे पाठ होतात. एका विरहगीतातला एक शब्द मी इतकी वर्षे भलताच ऐकत आलो होतो की खरा शब्द छापील पाहिल्यावर मला कवीचाच राग आला, कारण माझ्या चुकीच्या शब्दाने त्या ओळीला अधिक शहाणा अर्थ दिला होता, अशी माझी समजूत होती. ती समजूत अजून पूर्णपणे गेलेली नाही.

हा नेम मुळात माझा नव्हे, आईचा. चादर घडी करायची वेळ आली की ती मला हाक मारी. दोन टोके तिच्या हातात, दोन माझ्या. तिला कोणत्याही गाण्याचे ध्रुवपद तेवढे येत असे, अंतरा कधीच नाही, त्यामुळे अंतऱ्याच्या जागी ती नुसती चाल गुणगुणत राही आणि ध्रुवपद आले की शब्दांसकट गात दोन पावले पुढे येऊन आपली टोके माझ्या हातात देई. आता गाणे यंत्रावर लागते आणि त्यातले अंतरे पूर्ण असतात. चादर हातात आली की मी अजूनही अंतरा तसाच जाऊ देतो, आणि ध्रुवपद परत आले की टोके जुळवतो.