गॅस भरायचा की एसीच बदलायचा?

"काका, एसीतला गॅस संपत नसतो. गळतो."

स्टुलावर चढून नळ्यांच्या जोडांवर साबणाचा फेस लावता लावता मेकॅनिक पोरगा बोलला. गेल्या उन्हाळ्यात दुसरा एक जण आला होता. त्याने फक्त गॅस भरला, पैसे घेतले आणि गेला. या पोराने मात्र फेसातले बुडबुडे दाखवले.

खरंय की! बंद नळ्यांत फिरणारा गॅस संपेल कसा? नाल्याकाठच्या हवेने तांब्याची कॉइल कुरतडली जाते म्हणाला. आमच्या इमारतीमागे नाला आहेच.

"कॉम्प्रेसर ठणठणीत आहे हो, पण कॉइल बदलावी लागेल. आणि यात आर-२२ नावाचा जुना गॅस आहे."

आर-२२ ओझोनच्या थराला मारक. हा थर वाचवायच्या जागतिक माँट्रियल करारानुसार २०३० पर्यंत हा गॅस जवळपास बंद व्हायचाय, त्यामुळे पुढे मिळणं अवघडच. नव्या एसीतला आर-३२ जुन्यात भरता येत नाही. वर वीजबिल! स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे आमचे तेव्हाचे पाच स्टार आता पाच राहिलेले नाहीत.

म्हणजे नवाच घ्यायचा. बायकोने तर तसा निकाल कधीच दिला होता.

तरी एक विचारलं, "जुन्यातला उरलेला गॅस काढून घेता का?" पोरगा नुसता हसला. भंगारवाला नळी कापणार आणि गॅस हवेत जाणार. तापमानवाढीच्या हिशेबात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट वाईट.

तुमच्या गावात कुणी तो काढून घेतं का हो?