क्रीटच्या समुद्रावर कधी यावे?

गेली सहा वर्षे मी ग्रीसच्या क्रीट बेटावर, हेराक्लिओन शहरात राहते. पुण्यामुंबईहून फोन आला की ख्यालीखुशालीनंतर बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, की तुमच्याकडे समुद्रावर सुट्टी घालवायची असेल तर कोणत्या महिन्यात यावे. सुरुवातीला मी ‘कधीही या’ असे मनापासून सांगत असे. त्या उत्तरामुळे माझ्या जवळच्या माणसांची निदान दोनदा निराशा झाली, म्हणून आता या प्रश्नाचे नीट, सविस्तर उत्तर लिहून ठेवावे असे वाटले.

पहिली निराशा दादाच्या वाट्याला आली. मुलांच्या परीक्षा संपल्याबरोबर, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो सहकुटुंब आला. हवा सुरेख होती, दुपारचे तापमान 24 अंशांच्या आसपास होते आणि डोंगरउतार रानफुलांनी भरून गेले होते. परंतु माझे पुतणे ज्या पाण्यासाठी आले होते, त्यात पाय घालताच किंचाळत बाहेर पळाले, कारण समुद्र जेमतेम 19 अंशांवर होता. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी वर्षभर साधारण 26 ते 30 अंशांच्या दरम्यान असते; तारकर्लीला डुंबून वाढलेल्या मुलांना 19 अंशांचे पाणी बर्फासारखे वाटले, यात त्यांचा काही दोष नव्हता. आठ दिवस त्यांनी वाळूत किल्ले बांधले आणि मला मात्र अपराधी वाटत राहिले.

यामागचे कारण साधे आहे. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. सूर्य 21 जूनच्या सुमारास सर्वांत उंचावर असला, तरी क्रीटभोवतीचा समुद्र सर्वाधिक उबदार होतो तो ऑगस्टच्या उत्तरार्धात, म्हणजे दोन महिने उशिराने. आणि सर्वांत थंड असतो तो जानेवारीत नव्हे, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यामुळे मे आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांत हेराक्लिओनच्या हवेचे कमाल तापमान जवळजवळ सारखेच असले, तरी मेमध्ये पाणी 19-20 अंशांवर असते आणि ऑक्टोबरमध्ये 23 अंशांच्या आसपास. पर्यटनाच्या जाहिरातींत हवेचे तापमान ठळकपणे दिलेले असते. ज्याला खरोखर पोहायचे आहे, त्याने पाण्याचे तापमान आधी पाहावे आणि मग विमानाची तिकिटे काढावीत, असे मी आता सर्वांना सांगते.

दुसरी निराशा माझ्या मुंबईच्या एका मैत्रिणीची झाली, आणि ती पाण्याने नव्हे तर वाऱ्याने केली. ती आणि तिचे यजमान ऑगस्टच्या मध्यावर आले. आकाश निरभ्र होते, पाणी 25-26 अंश होते, कागदावर सर्व काही उत्तम होते. मात्र उत्तरेकडून जोरदार वारा सुटला आणि त्याने सलग चार दिवस उसंत घेतली नाही. हेराक्लिओनजवळच्या अमुदारा या लांबलचक पुळणीवर लाल बावटा लागला, छत्र्या मिटल्या गेल्या, वाळू अंगाला सुईसारखी टोचू लागली आणि सांतोरिनी बेटाला जाणारी त्यांची वेगवान बोट रद्द झाली. त्यातच 15 ऑगस्ट हा मारिया मातेचा सण, ग्रीसमधला उन्हाळ्यातील सर्वांत मोठा. त्या आठवड्यात सारा देश गावी किंवा बेटांवर असतो, त्यामुळे दुसऱ्या बोटीची तिकिटेही मिळाली नाहीत.

या वाऱ्याला येथे मेल्तेमी म्हणतात. त्याचे प्राचीन ग्रीक नाव एतेसियाई, म्हणजे दरवर्षी येणारे. आपला ‘मौसमी’ हा शब्द अरबी ‘मौसिम’ म्हणजे ऋतू यावरून आला आहे, आणि दोन्ही समुद्रांवरच्या माणसांनी आपापल्या वाऱ्याला त्याच्या नियमितपणावरून नाव द्यावे याचे मला नेहमीच कौतुक वाटते. हे साम्य नावापुरतेही नाही. येथल्या उन्हाळ्यात वायव्य भारत आणि पाकिस्तानवर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो इराणी आखातावरून थेट तुर्कस्तानपर्यंत पसरतो. त्याच वेळी बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो, आणि या दोहोंच्या मधून क्रीटच्या उत्तरेकडील एजियन समुद्रावर उत्तरेचा वारा वाहू लागतो. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी 1996 साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. दक्षिण आशियात मान्सूनचा पाऊस पडताना जी प्रचंड उष्णता वातावरणात मोकळी होते, तिच्या परिणामाने पूर्व भूमध्य समुद्रावरची हवा वरून खाली बसत जाते, खाली येताना तापते, कोरडी होते, आणि ढग धरतच नाहीत.

म्हणजे देवगडच्या आमच्या घराच्या कौलांवर जुलैत जो पाऊस कोसळत असतो, त्याचा क्रीटच्या कोरड्या, निळ्या जुलैशी प्रत्यक्ष संबंध आहे. रत्नागिरीत एकट्या जुलैत हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि येथे त्या महिन्यात बहुधा एक थेंबही पडत नाही. हे वाचल्यापासून मेल्तेमी सुटला की मला परकेपणा वाटत नाही. श्रावणात तिकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याची तयारी चालते, तेव्हा येथे मेल्तेमीचा जोर ऐन भरात असतो. सप्टेंबरमध्ये तिकडे मान्सून परतीला लागतो आणि येथेही हा वारा उतरू लागतो.

जुलै-ऑगस्ट टाळण्याचे दुसरे कारण उष्णता. जुलै 2023 मध्ये ग्रीसमध्ये दीर्घ उष्णतेची लाट आली, ऱ्होड्स बेटावर वणवे पेटले आणि सुमारे 19,000 लोकांना हलवावे लागले. जुलै 2025 च्या आरंभी आमच्याच क्रीटच्या इएरापेत्रा भागात वाऱ्याने वणवा पसरला आणि हजारो रहिवासी व पर्यटकांना रातोरात घरे आणि हॉटेले सोडावी लागली. ज्यांना सुट्टी केवळ याच महिन्यांत मिळते त्यांनी येऊ नये असे मी म्हणत नाही. त्यांनी बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, लिबियन समुद्राच्या बाजूला मुक्काम करावा. मधल्या उंच डोंगरांमुळे तिकडच्या काही खाड्या वाऱ्यापासून बऱ्याच सुरक्षित राहतात. सर्वच राहतात असे नाही, कारण जेथे दरी समुद्राला मिळते तेथे तोच वारा डोंगरावरून झोताने खाली येतो. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी स्थानिक माणसाला विचारलेले बरे.

आई-बाबांना बोलावताना मात्र मी चूक केली नाही. 2024 मध्ये घरचा गणपती आणि म्हाळ आटोपून ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आले. हवा 27 अंश, पाणी 25 अंश, वारा हलका. आम्ही दक्षिणेला मातालाला गेलो, जेथे कड्यात प्राचीन काळी कोरलेल्या गुहा आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी घोड्याच्या नालेसारखी लहानशी खाडी आहे. बाबांचा जन्म समुद्रकाठचा. त्यांनी सकाळी पाण्याच्या कडेला आपली चप्पल ठेवली आणि ओहोटीची वाट पाहत बसले. संध्याकाळी पाणी चपलेपासून वीतभरही हलले नव्हते. देवगडला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, येथे तो काही सेंटिमीटरचा असतो, कारण जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडाने जवळजवळ बंद झालेल्या या समुद्रात मोठी भरती उभीच राहत नाही. बाबांना हे इतके नवलाचे वाटले की पुढचे तीन दिवस त्यांनी तो प्रयोग वेगवेगळ्या किनाऱ्यांवर केला. आईला पोहता येत नाही. पण येथल्या पाण्यात दर किलोला सुमारे 39 ग्रॅम मीठ असते, आपल्या समुद्रापेक्षा तीन ग्रॅम अधिक, आणि त्या जड, शांत, स्वच्छ पाण्यात मी पाठीखाली हात धरला तेव्हा ती आयुष्यात प्रथमच उताणी तरंगली. तिने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ काहीच बोलली नाही.

त्याच मुक्कामात रेथिम्नोच्या किनाऱ्यावर आम्हाला कासवांच्या घरट्यांभोवती लावलेल्या संरक्षक चौकटी दिसल्या. येथे लॉगरहेड जातीची कासवे उन्हाळ्यात अंडी घालतात आणि पिले ऑक्टोबरपर्यंत बाहेर पडत राहतात. आर्केलॉन ही संस्था 1983 पासून ग्रीसमध्ये त्यांच्यासाठी काम करते आहे. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांसाठी जे काम उभे केले, ते बाबांनी पाहिलेले होते, त्यामुळे त्यांनी त्या चौकटींजवळ थांबून बारकाईने सर्व पाहून घेतले. या दिवसांत येणाऱ्यांनी रात्री किनाऱ्यावर विजेऱ्या फिरवू नयेत आणि घरट्याजवळ छत्रीची दांडी वाळूत खुपसू नये, एवढे कळकळीने सांगते.

सप्टेंबर-ऑक्टोबर निर्धोक असतो असा मात्र समज नको. उबदार समुद्रावर वरच्या थरातील थंड हवा येऊन बसली की या भागात भयंकर वादळे होतात. सप्टेंबर 2020 मध्ये यानोस वादळाने पश्चिमेकडील आयोनियन बेटांना झोडपले, सप्टेंबर 2023 मध्ये डॅनियल वादळाने मध्य ग्रीसचा थेसाली प्रदेश बुडवला आणि नंतर लिबियात हाहाकार केला, आणि 29 ऑक्टोबर 2024 रोजी स्पेनच्या वालेन्सिया प्रांतात आलेल्या पुरात दोनशेहून अधिक माणसे गेली. हवामान खात्याचा इशारा आला की कोरड्या दिसणाऱ्या घळीत उतरू नये, आणि परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत.

ऑक्टोबरच्या अखेरीस येथे पुष्कळदा उबदार दिवसांचा एक लहानसा तुकडा येतो. 26 ऑक्टोबरला संत दिमित्रिओसचा सण असतो, म्हणून ग्रीक लोक त्याला ‘संत दिमित्रिओसचा छोटा उन्हाळा’ म्हणतात. आपल्या ऑक्टोबर हीटपेक्षा तो कितीतरी सौम्य असतो. पण त्याच सुमारास हॉटेले बंद होऊ लागतात, समरियाची 16 किलोमीटरची दरी 31 ऑक्टोबरच्या आसपास हंगामापुरती बंद होते, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे तासभर मागे केली की साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत यायचे असेल तर आधी पंचांग पाहावे. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरच्या सुमारास होते, तेव्हा येथे आनंदाने पोहता आले. 2026 मध्ये अधिक महिन्यामुळे ते 8 नोव्हेंबरला येते आणि तोवर किनाऱ्यावरची गावे निजलेली असतील. त्या वर्षी सायप्रसचा विचार करावा, कारण तो आणखी पूर्वेला असल्याने पाणी अधिक काळ उबदार राहते. दक्षिण फ्रान्स किंवा स्पेनचा ईशान्य किनारा या वेळी पोहण्यासाठी मुळीच निवडू नये.

शाळेत जाणारी मुले असतील तर माझ्या मते जूनचे पहिले दोन आठवडे सर्वांत चांगले. पाणी 22 अंशांवर पोहोचलेले असते, मेल्तेमीने अजून जोर धरलेला नसतो, संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड राहतो आणि राज्य मंडळाच्या शाळा साधारण 15 जूनला उघडतात. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे-जूनच्या गर्दीत भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून तो अर्ज थंडीतच करून टाकावा. दादाला मी या वेळी 1 ते 12 जून अशा तारखा कळवल्या आहेत. पुतण्यांनी पाणी किती अंशांवर आहे हे रोज कळवण्याची अट घातली आहे, आणि मी त्यासाठी मे महिन्याच्या मध्यापासून दररोज सकाळी दोरीला बांधलेला तापमापक समुद्रात सोडणार आहे.