लिथोट्रिप्सी : खडा मशीनने फोडला, बाहेर काढायचं काम माझं

मूतखडा आहे म्हटलं की पहिले उपचार नातेवाईक सुरू करतात. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, कुणाच्या तरी मामाच्या गावचा काढा. माझा खडा नऊ मिलिमीटरचा, डाव्या किडनीत. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक वेळा आपले आपण पडतात, पण याच्या भरवशावर बसू नका, असं यूरॉलॉजिस्टनी सांगितलं.

चिरफाड नको असेल तर लिथोट्रिप्सी, म्हणजे शरीराबाहेरून धक्क्याच्या लहरींचा मारा करून खडा आतल्या आत फोडायचा. पण ती जमेल का, हे सीटी स्कॅन ठरवतो. सोनोग्राफीत खडा दिसतो, तो किती कडक ते कळत नाही. सीटीत त्याचा आकडा येतो, हाउन्सफिल्ड युनिटमध्ये. माझा सातशेच्या आसपास होता. हजाराच्या वर असता तर दुर्बीण घालून लेझरने फोडणंच बरं पडलं असतं म्हणे. शिवाय खडा किडनीच्या खालच्या कप्प्यात असेल तर फुटूनही तुकडे तिथेच पडून राहतात. खडा कुठे आणि कडक किती, हे दोन प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा.

मग लघवीचं कल्चर, रक्त गोठण्याच्या तपासण्या, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन बंद. विम्याचं मात्र डोकं फिरवणारं. चोवीस तास ॲडमिट नाही म्हणून आधी नकार आला. पॉलिसीतली डे-केअरची यादी काढून त्यात लिथोट्रिप्सी दाखवली, तेव्हा कुठे मंजुरी मिळाली.

टेबलावर कमरेखाली पाण्याने भरलेली रबरी उशी, वर भरपूर जेली. टेक्निशियन ती जेली हाताने पुन्हा पुन्हा सारखी करत होता. विचारलं तर म्हणाला, "मधे हवेचा बुडबुडा राहिला की मारा तिथंच अडतो." लहर पाण्यातून, मांसातून विनातक्रार जाते, कारण शरीर बरंचसं पाणीच. खड्याशी पोचली की तिथे तिचा जोर मोकळा होतो. जर्मनीत विमानं बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीच्या अशा लहरींवरच्या संशोधनातून हे तंत्र निघालं आणि १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णावर वापरलं गेलं. तेव्हा रुग्णाला चक्क पाण्याच्या टबात उतरवायचे. आपली उशी बरी.

वेदनेचं औषध शिरेतून दिलं होतं. पडद्यावर एक्स-रेमध्ये खडा नेमका मधोमध आणला आणि टक्, टक् सुरू झालं, मिनिटाला साठ-सत्तरच्या चालीने. सुरुवातीला कमरेवर कुणी टिचक्या मारतंय असं वाटलं. जोर वाढवला तेव्हा बरगडीच्या आत चांगलंच जाणवायला लागलं. मोठा श्वास घेऊ नका, असं सारखं बजावत होते, कारण श्वासाबरोबर किडनी वरखाली होते आणि नेम चुकतो. तासाच्या आत आटोपलं, संध्याकाळी घरी.

खरी कसोटी घरी. पहिल्या दिवशी लघवी लाल, कमरेवर काळं-निळं. हे होणारच म्हणून आधी सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. रात्री मात्र तुकडे खाली सरकायला लागले आणि मूळ दुखणं परवडलं असं झालं. गोळ्या होत्या, मूत्रवाहिनी सैल करणारी टॅमसुलोसिनही होती. कधीकधी तुकडे वाहिनीत एकामागे एक अडकून लघवी तुंबते; थंडी-ताप आला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, ही ताकीद बायकोने फ्रिजवर लिहून ठेवली होती.

लघवी गाळायला एक चहाची गाळणी बाथरूममध्ये गेली ती कायमचीच. तिच्यात तपकिरी, खरखरीत कणी सापडली. ती लॅबला दिली. रिपोर्ट कॅल्शियम ऑक्झलेट. मग दूध बंद का? डॉक्टर नाही म्हणाले: जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरतं. बंद झालं ते पापड-लोणचं, कारण मीठ. आणि पाणी एवढं प्यायचं की दिवसाची लघवी दोन-अडीच लिटर व्हावी.

नंतरच्या एक्स-रेत एक बारका तुकडा अजून दिसतोय. तो त्रास देत नाही, म्हणून सध्या त्याला हात लावायचा नाही. तीन महिन्यांनी सोनोग्राफी.