ताटाची डावी बाजू

केसपेपरवर एवढंच होतं: मेंदूच्या उजव्या पॅरायटल (वरच्या-मागच्या) भागात स्ट्रोक, डावा हात-पाय लुळा. मुलाची तक्रार मात्र वेगळीच. "बाबांना रोजचं जेवण अळणी लागतं." ताट बघितलं. उजवीकडची भाजी-आमटी संपलेली, डावीकडचं मीठ, चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी. भातही उजवीकडचाच खाल्लेला. मी ताट अर्धं फिरवलं. "आत्ता वाढलंत होय मीठ!" म्हणत काका जेवू लागले.

नजरेचं क्षेत्र तपासलं होतं, ते पूर्ण होतं. क्षेत्र अर्धं गेलेला पेशंट निदान मान वळवून बघतो. काका वळवतच नव्हते. डोळे ठीक, पण डावी बाजू मेंदूच्या लक्षातच येत नाही; याला ‘नेग्लेक्ट’ म्हणतात. वीस सेंटिमीटरच्या आडव्या रेघेच्या मध्यावर खूण करायला सांगितली, तर ती चार-पाच सेंटिमीटर उजवीकडे गेली. डोळे मिटून डावा अंगठा धरायला सांगितला, तर उजवा हात चादरीवरच चाचपडत राहिला. मग डावा हात उचलून त्यांच्यासमोर धरला.

"काका, हा हात कुणाचा?"

"धाकट्याचा असेल."

"आणि ही अंगठी?"

"अंगठी माझी. त्यानं घातलीय."

मला सगळ्यात जास्त हलवलं ते पुढच्या उत्तरानं. एसटी स्टँडवरून देवळाकडे जाताना कुठली दुकानं लागतात, असं विचारलं. त्यांनी फक्त उजव्या हाताची सांगितली. "आता देवळाकडून परत या," म्हटल्यावर मघाशी गाळलेली सगळी आली आणि आधीची गळाली. इटलीतल्या मिलानमध्ये बिसियाक आणि लुझ्झात्ती या संशोधकांनी १९७८ मध्ये अशाच पेशंटना तिथल्या कॅथेड्रलच्या चौकाबद्दल हेच विचारून दाखवलं होतं. म्हणजे आठवणीतलं चित्रही अर्धंच उघडतं, आणि ज्याचं उघडतं त्याला ते पूर्णच वाटतं.

म्हणून मुलाला सांगितलं, हात कुणाचा यावरून वाद घालू नका. त्यानं ते चिडतील, पटणार काहीच नाही. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा; ती दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. ताट मीच फिरवलं होतं, पण रोज फिरवू नका, त्यांनाच मीठ शोधू द्या. भेटायला येणाऱ्यांची खुर्ची आधी समोर, मग हळूहळू डावीकडे सरकवा. डावा हात मांडीवरच्या उशीवर, डोळ्यांसमोर ठेवा. लोंबकळला तर व्हीलचेअरच्या चाकात जातो. तो ओढून उठवायचं तर अजिबात नाही, खांदा खोबणीतून सरकतो.

आणि "मला सगळं दिसतं" असं ते कितीही ठामपणे म्हणाले तरी दुचाकीची किल्ली त्यांच्या हाती देऊ नका, रस्ताही एकट्यानं ओलांडू देऊ नका.