लागोस ते जीएमसी : परीक्षेपेक्षा तारखा सांभाळा

माझं एमबीबीएस आणि वर्षभराचा हाउस जॉब (इंटर्नशिप), दोन्ही नायजेरियातलं. यूकेत डॉक्टरांची नोंदणी जीएमसी (जनरल मेडिकल कौन्सिल) करते आणि बाहेरून शिकून आलेल्यांसाठी तिची प्लॅब ही दोन टप्प्यांची परीक्षा असते. यूकेत येताना त्या प्लॅबपेक्षा जास्त डोकं खाल्लं ते कागदपत्रांच्या मुदतींनी.

सुरुवात नावापासून करा. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव, तिथल्या पदवीवर आडनाव आधी. पासपोर्ट आणि पदवी जुळत नसेल तर एपिकची (पदव्या तपासणाऱ्या ऑनलाइन सेवेची) पडताळणी तिथेच अडते. नावाबद्दलचं कोर्टाचं प्रतिज्ञापत्र आधीच काढून ठेवा. एपिकवर पदवी अपलोड केली की ती तपासायला तुमच्या कॉलेजकडे जाते, आणि खरा वेळ तिथे जातो. रजिस्ट्रारच्या ऑफिसात ओळखीचं कुणीतरी जाऊन पाठपुरावा करत राहिलं तरच कागद हलतो. ईमेलवर भिस्त ठेवू नका.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये एकूण 7.5 आणि चारही भागांत किमान 7, तेही एकाच बैठकीत. बरेच जण लेखनात 6.5 वर अडकतात. ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) घेतली तर चारही भागांत बी ग्रेड. दोन्हींची मुदत दोन वर्षं.

प्लॅब 1 लागोसलाच देता येते : 180 प्रश्न, तीन तास. फी पाउंडात असते आणि 2023 मध्ये नायरा मोकळा सोडल्यापासून तो इतका घसरला, की आधी जमवलेले पैसे पुरत नाहीत. बचत शक्यतो डॉलर खात्यात ठेवा.

प्लॅब 2 फक्त मँचेस्टरला. ही प्रात्यक्षिक परीक्षा : 16 स्टेशनं, म्हणजे रुग्ण तपासण्याचे वेगवेगळे प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटं. आपली मुलं औषधोपचारात कमी पडत नाहीत, संवादाच्या गुणांत पडतात. लागोसच्या भरलेल्या ओपीडीत ‘तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय?’ असं विचारायला कुणाला सवड असते? इथे त्याचेच गुण आहेत. मोठ्याने बोलून, घड्याळ लावून, जोडीदाराबरोबर सराव करा.

आता मुख्य गोम. एमडीसीएनचं (नायजेरियाच्या मेडिकल कौन्सिलचं) गुड स्टँडिंग प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्या नोंदणीवर काही ठपका नसल्याचा दाखला, तीनच महिने चालतं. उत्साहात आधी मागवलं तर प्लॅब 2 चा निकाल येईपर्यंत ते बाद होतं. निकाल लागल्यावरच मागवा. गेल्या पाच वर्षांत दुसऱ्या देशात नोंदणी असेल तर तिथलंही लागतं.

नोकरीबद्दल एवढंच : नायजेरिया यूकेच्या लाल यादीत आहे, म्हणजे एजन्सींना तिथे जाऊन भरती करायला मनाई आहे. जाहिरात पाहून तुम्ही स्वतः अर्ज करायला कसलीच आडकाठी नाही. ‘ट्रस्टमध्ये (सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेत) लावून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ऑफर आली की ट्रस्ट सीओएस (व्हिसासाठीचा प्रायोजकत्वाचा दाखला) देतो आणि तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. व्हिसासाठी लागणारा टीबी नसल्याचा दाखला सहा महिने चालतो, त्यामुळे ती तपासणी ऑफर हातात आल्यावर करून घेतली तरी चालते.